परत जाता येतं का

हातमोजे काढ, लापो.
रबराला यातलं काही कळत नाही.
अंगठा इथं ठेव, मानेपाशी, जिथं जाडी असते,
आणि डोळे मिट.
लिव्होर्नोच्या या गोदीत नुसत्या डोळ्यांवर भिस्त ठेवणारे
तीन निरीक्षक मी निवृत्त होताना पाहिले.
तिघांची प्रकरणं अजून अपिलात आहेत.

हा ढीग सोपा. ओला, निळा,
क्रोमचं पाणी पोटभर प्यायलेला.
त्याला आभाळाची उपमा देऊ नकोस,
गेल्या वर्षीच्या पोरानं अहवालात ‘आकाशी’ लिहिलं,
रोमहून विचारणा आली :
ही छटा कोणत्या नियमाखाली?

पण तो पलीकडचा, पांढरट,
तांबडा समुद्र ओलांडून आलेला,
त्याच्यापाशी थांब.
बार्तोलाच्चीच्या कागदावर तो ‘कच्चा’ आहे.
कच्च्याला माफी, कमावलेल्याला जकात.

मीठ लावलेलं, चुन्यात भिजलेलं, आम्लात मुरलेलं,
सगळं कच्चंच.
कमावायला घेतलं आणि अर्ध्यात सोडलं,
पण उलटं फिरवता येत असेल
तर तेही कच्चंच धरायचं,
कायद्याच्या लेखी ते अजून जनावराच्या बाजूला.
एवढंच विचारायचं त्याला,
परत जाता येतं का.

बोटभर तुकडा, उकळतं पाणी.
कच्चं असेल तर मूठ वळल्यासारखं आक्रसतं.
कमावलेलं नुसतं पडून राहतं.
त्याला आता काही पोळत नाही.

माझे वडील सांता क्रोचेला पिंपावर होते,
एकतीस वर्षं कातडी कमावली.
कमावलं काय, तर दमा,
आणि निळी नखं, जी रविवारीही निळीच असत.
चर्चमध्ये ते हात खिशात ठेवून बसायचे.

भिंग घे. शेळीची रंध्रं ओळीनं बसतात,
शाळेतल्या शहाण्या मुलींसारखी,
मेंढीची घोळक्यानं.
आणि काही मेंढ्या अशा की लोकरच नाही, नुसते केस,
त्यांच्यापुढं मीही दोनदा फसले आहे.
गाढवानं वाघाचं कातडं पांघरल्याचं आपण ऐकतो.
इथं कातडंच कागद पांघरून येतं.

हे बघ. नाही, दिव्याकडे धर.
गोचिडीचे डाग, काटेरी तारेचा ओरखडा,
डाग देऊन लिहिलेलं कुणाचंतरी अक्षर, उलटं.
आणि बरगडीपाशी हे,
सात टाके.
दाभणाचे असावेत, दोरा जाड.
माणसाचा हात कापत होता, तिसरा टाका वाकडा गेलाय,
पुढचे चार सरळ.
जखम भरली. वर केस आले, खुणा आहेत त्यांच्या.
म्हणजे टाक्यांनंतर ते चरलं, दोन पावसाळे तरी,
तहान लागल्यावर कुणाच्यातरी हाकेला आलं.

याला रकाना नाही.
क्षेत्रफळ आहे, जाडी आहे, ओलं की वाळलेलं आहे,
‘इतर’ आहे, पण ‘इतर’ म्हणजे
ज्यांचं जनावर यादीत नाही ते.
मी एकदा शेऱ्यात लिहिलं होतं, ‘शिवलेलं’.
साहेबांनी लाल शाईनं विचारलं :
म्हणजे तयार वस्तू?
बेचाळिसाव्या प्रकरणात टाकायची?
खोडलं मग.

नमुना तिथून कापू नकोस.
कुठूनही कापला तरी चालतो, नियमात तसं काही नाही,
मी सांगते म्हणून शेपटीकडून काप.

बार्तोलाच्ची काचेतून बघतोय.
बघू दे. त्यानं पाठवलेली कॉफी घेऊ नकोस,
गार झाली तरी ती कॉफीच असते.

पाणी उकळलं.
घड्याळ लाव, तीन मिनिटं.
टाक, आणि मागं सरक,
पहिल्या वाफेला वास असतो,
बाहीत बसला की महिनाभर जात नाही.